भुईवरचं मडकं

१

चिंतामणराव कारकुनांनी मडकं जाजमावर पालथं केलं. सुपाऱ्या घरंगळत गेल्या, हळकुंडं पडली तिथंच राहिली. त्यांनी दोन ढीग लावले. चार सुपाऱ्या, चार हळकुंडं. मग मडक्याच्या बुडावर थाप मारली, आत हात घालून चाचपलं, आणि रिकामा हात बाहेर काढून ते अध्यक्षांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

मत देणारी माणसं नऊ होती. मडक्यातून जिन्नस निघाले आठ.

राहीबाई भिंतीशी बसली होती. तिनं स्वतःच्या हातानं सुपारी टाकली होती, आणि आणखी चौघांनी तिच्यादेखत शब्द दिला होता. पाच सुपाऱ्या पडायलाच हव्या होत्या. चारच कशा?

कासारशेत म्हणजे साताऱ्याच्या आणि सांगलीच्या मधल्या बेचक्यात बसलेलं एवढंसं संस्थान. बेचाळीसची धामधूम झाली आणि तिथल्या महाराजांनी कारभार लोकांच्या हाती दिला. गावागावांनी माणसं निवडली, त्यांची नऊ जणांची तालुका समिती झाली. निवडून येणं सोपं होतं, येऊन बसणं जड होतं. कृष्णात दुसऱ्याच्या मळ्यात रोजानं राबायचा. सभेला आला की त्या दिवशी चूल थंड. आप्पासो कुंभाराचं चाक थांबायचं, शेजारगावच्या सुताराची पटाशी थांबायची. धुळा धनगराची मेंढरं आज या शिवारात, उद्या त्या. ती परक्याच्या हाती सोपवून तो डोंगर उतरायचा. राहीबाईला चार एकर ऊस होता, पण विधवा बाईनं एकटं तालुक्याला जायचं नाही म्हणून दिराला काम सोडून सोबत यावं लागायचं, आणि दीर ते घरी गेल्यावर दहा वेळा ऐकवायचा.

म्हणून भत्त्याचा ठराव आला. तो बेतला गोपाळकृष्ण मास्तरांनी. मास्तर मूळचे सांगलीचे, अंगावर जाडीभरडी खादी, बेचाळीसला तुरुंगात जाऊन आलेले. समितीत त्यांना मत नव्हतं. महाराजांनी सल्लागार म्हणून नेमलेलं. ते पायी गावोगाव फिरले, कुणाचं काय बुडतं ते चुलीपाशी बसून विचारलं, आणि एक साधं माप काढलं. पगार नको, बक्षीस नको. सभेपायी ज्याचं जेवढं बुडतं तेवढं त्याला भरून द्यावं. ज्याचं बुडत नाही, त्याला काही देऊ नये. लोकांनी त्यांच्या पायावर डोकी ठेवली होती.

अध्यक्ष लालासाहेब इनामदारांना ते माप रुचलं नाही. ते आणि त्यांचे तिघे सोबती मोटारीतून यायचे, लोकसेवेला मोल लावणं पाप आहे असं सांगायचे आणि जेवायच्या वेळेला परत जायचे. त्यांच्या तोंडावर हात वर करायला गरीब माणूस भिईल, म्हणून मत गुपित घ्यावं, ही तोडही मास्तरांनीच काढली. आतल्या खोलीत आप्पासोनं घडवलेली दोन सारखी मडकी ठेवली. एक पाटावर, एक भुईवर. दाराशी प्रत्येकाला एक सुपारी, एक हळकुंड मिळायचं. भत्ता हवा असेल त्यानं सुपारी पाटावरच्या मडक्यात टाकायची आणि उरलेलं हळकुंड भुईवरच्या. नको असेल त्यानं उलट करायचं. पाटावरचं मडकं मोजायचं, भुईवरचं टाकाऊ. वाचता न येणाऱ्यालाही चुकायला जागा नव्हती.

आता चार आणि चार. बरोबरी झाली की अध्यक्षाचं मत जादा धरायचं, असा समितीचा नियम. लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि ठराव पडल्याचं सांगितलं. मग मास्तर उठले, आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "पाचवी सुपारी पडलीच नाही. आपल्यातल्याच एकाचा हात अडखळला. त्याला कुणी बोल लावू नका. गरिबी फार वाईट."

कुणाचं नाव घेतलं नव्हतं. तरी सगळ्यांच्या माना धुळाकडे वळल्या, कारण त्याच आठवड्यात त्याची मेंढरं लालासाहेबांच्या रानात बसलेली होती.

धुळा घोंगडीचा पिळा करत उभा राहिला. राहीबाईला वाटलं, आता हा गरजेल. तो म्हणाला, "माझंच चुकलं," आणि पायरी उतरून निघून गेला.

२

दोन दिवसांत गोष्ट सगळ्या तालुक्यात पसरली. रानात मेंढरं बसवली की लेंडीखतानं जमीन सुधारते, म्हणून रानाचा मालक धनगराला धान्य देतो. ही रीत पोराटोरांना ठाऊक. पण आता ते धान्य म्हणजे लाच झाली. पाणवठ्यावर बनुबाई न्हावीण सांगत होती की पायलीभर जोंधळ्याला मत विकलं. दुसऱ्या पाणवठ्यावर त्या पायलीचं पोतं झालं होतं.

मग कळलं की धुळानं समिती सोडली. राजीनामा मास्तरांनीच लिहून दिला, धुळानं अंगठा उठवला. बाजारच्या दिवशी सभा होती, त्या दिवशी तो मंजूर व्हायचा होता. त्याची जागा रिकामी झाली की डोंगराकडच्या वस्त्यांचं बोलायला कुणी उरत नव्हतं. उरत होते ते मास्तर, जसे नेहमी उरायचे. धुळा नाही आला, कृष्णात नाही आला, की ते उठून म्हणायचे, त्यांच्या वतीनं मी बोलतो. आणि बोलायचेही सुरेख. झऱ्यासारखं.

राहीबाईला रात्री घास गोड लागला नाही. मत विकणाऱ्या माणसाची किळस यावी, ती तिला येईना. तिला धुळाची मान आठवत होती. चोराची मान खाली जाते ती डोळे इकडंतिकडं फिरवत. ही मान अशी गेली होती जशी देवापुढं जाते, हातून नारळ निसटल्यावर. आणि चुकलं म्हणाला, ते काय चुकलं? विकलं असतं तर तो तसं म्हणाला असता का?

सकाळी ती कृष्णाताकडे गेली. कृष्णातानं उसाच्या सरीतून मानही वर केली नाही. म्हणाला, मी टाकली, माझ्या पोरांची आण. धनगराचं मला विचारू नका. सुतारानंही तसंच सांगितलं. आप्पासोनं चाक थांबवलं, पण तोही कडूच बोलला. मडकी त्याची होती, म्हणून लोक त्यालाही हसत होते.

"मडक्याला भोक व्हतं का, म्हणत्यात मला," तो म्हणाला. "आवं राहीबाई, मडकं चांगलं व्हतं. माणूस गळका निघाला."

राहीबाईनं विचारलं, दोन्ही मडकी सारखीच का घडवली? तो म्हणाला, मास्तरांनीच तसं सांगितलं होतं, म्हणजे मताचं मडकं म्हणून त्याला कुणी वेगळी खूण करायला नको. पाट तेवढा फरक. आप्पासोनं बोट ओल्या मातीत दाबलं आणि तो फरक किती बारका होता ते त्याच्याच तोंडावर उमटलं.

पाट जिथं, तिथं मत. आणि पाट काही मडक्याला चिकटलेला नव्हता.

३

लालासाहेबांच्या ओसरीवर झोपाळा होता. ते झुलत होते, पान जमवत होते. राहीबाईला त्यांनी बसायला सांगितलं, पण बसायला काही दिलं नाही. ती खांबाशी उभी राहिली.

तिनं आडवळण घेतलं नाही. सगळ्यांत शेवटी मत द्यायला आत गेला ते तुम्ही, असं म्हणाली. लालासाहेब रागावले नाहीत. ते हसले, आणि त्या हसण्याचीच तिला जास्त शिसारी आली. ते म्हणाले, मडक्यांशी खेळायला मी काय भातुकली मांडलीय? मला ठराव पाडायचा असता तर तुमच्या पाचांतला एक विकत घेतला असता. त्या धनगराला विचारूनही पाहिलं, यंदा सगळा हंगाम मेंढरं माझ्याच रानात बसव म्हटलं. तो म्हणाला, मेंढरं बसतील, मत बसणार नाही. मूर्ख माणूस. नंतर फिरला असेल, मला काय.

"म्हंजे त्यानं न्हाई म्हटलं," राहीबाई म्हणाली. "आन हे तुमी सभेत सांगितलं न्हाई."

"मला कुणी विचारलं नाही."

एवढं बोलून त्यांनी अडकित्त्यात सुपारी धरली. त्यांना वाटून घेतलेली अर्धी सुपारी चालायची नाही. अख्खी एक एकट्याला लागायची, आणि पाहुण्यालाही अख्खीच देण्यात त्यांना मोठेपणा वाटायचा. एका माणसाचं नाव मातीत जाताना त्यांनी पाहिलं होतं आणि तोंड उघडलं नव्हतं, पानासाठी तेवढं उघडलं. राहीबाईला वाटलं, हा चोर असता तर बरं झालं असतं. चोराला निदान काहीतरी हवं असतं. याला काही नको होतं. दुसऱ्याचं असणं तेवढं नको होतं.

ती पायरी उतरत होती तेव्हा मागून त्यांनी सहज सांगितलं, "माझ्यानंतर तुमचा मास्तर आत गेला होता बरं. भुईवर काही सांडलंय का बघायला."

४

चिंतामणराव कारकून भित्रा माणूस, पण खोटा नव्हे. त्यांच्या घरी त्यांची बायको पद्मा जातं आवरत होती. राहीबाईला बघून तिनं गूळपाणी आणलं. राव म्हणाले, मी पाटावरचं मडकं उचललं आणि तसंच बाहेर आणलं. वाटेत कुठं टेकवलंही नाही. लालासाहेबांनंतर मास्तर आत गेले होते हे त्यांनीही सांगितलं, पण लगेच जीभ चावून म्हणाले, मास्तरांचं काय, ते देवमाणूस.

राहीबाईनं विचारलं, मोजलेलं सगळं कुठंय? कपाटात, कुलपात. चार सुपाऱ्या आणि चार हळकुंडं, त्यांनी स्वतःच ठेवलेली. आणि भुईवरच्या मडक्यातलं?

चिंतामणराव ओशाळले. सभा संपल्यावर मास्तरच म्हणाले, त्या टाकाऊ सुपाऱ्या वाया कशाला घालवता, अध्यक्षांना पान द्या. मग पान झालं. बाकीचे तोवर निघून गेले होते. हळकुंडं रावांनी घरी आणली, पद्मानं ती कुटून डब्यात भरलीसुद्धा.

"किती व्हती हळकुंडं?" राहीबाईनं पद्माला विचारलं.

पद्माला सांगता येईना. मूठभर, म्हणाली. मोजायचं कशाला?

राहीबाईची आशा मावळली. मग तिनं विचारलं, पान कुणी कुणी खाल्लं. चिंतामणरावांनी आठवून सांगितलं. लालासाहेब, त्यांचे तिघे, आणि मास्तर. त्यांनी स्वतः खाल्लं नाही, त्यांचे दात दुखतात. लालासाहेबांच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येकाला अख्खी सुपारी कातरून दिली. कुणाला कमी पडली? नाही, पुरल्या बरोबर, उरली मात्र एकही नाही.

राहीबाईनं गूळपाण्याचा तांब्या न पिता खाली ठेवला. लोकांची मतं त्यांनी कातरून खाल्ली होती. चुना लावून, कात लावून, चघळून, आणि पिंक टाकली होती कचेरीच्या भिंतीवर. पण त्या किळसेच्या तळाशी एक लहानसा आकडा चमकत होता, पाण्यात पडलेल्या नाण्यासारखा.

पाच माणसं. प्रत्येकाला अख्खी सुपारी.

५

धुळाचा तळ लालासाहेबांच्या रानातून हलला होता. ओढ्यापलीकडच्या माळावर मेंढरं बसली होती, ऊन त्यांच्या पाठीवर लोकरीसारखंच मऊ झालेलं. दीर ओढ्यापाशीच थांबला. धुळाची म्हातारी आई चंद्राबाई तीन दगडांच्या चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं राहीबाईला घोंगडी पसरून दिली आणि म्हणाली, पोरगं बोलत न्हाई, तूच बोलतं कर.

धुळा काठीवर हनुवटी टेकून उभा. राहीबाईनं त्याला दोष दिला नाही आणि धीरही दिला नाही. नुसतं विचारलं, तुझं चुकलं ते काय चुकलं?

धुळानं काठी बाजूला ठेवली. मग तो म्हणाला, "सुपारी मी पाटावरच्या मडक्यात टाकली. मन लावून टाकली. पर त्ये हळकुंड..."

"काय झालं हळकुंडाचं?"

"त्ये टाकाऊच्या मडक्यात टाकायचं म्हणालं. आवं, भंडारा हाय त्यो. बिरोबाचा. हळकुंड कुटलं की भंडाराच हुतुया. त्यो मी टाकाऊत कसा टाकू? हात उठला न्हाई माझा. कमरंला खोवलं आन आलो. तितंच इधी बिघडला. माझ्यापायी समद्यांची मतं वाया गेली."

तो दोन्ही मडक्यांत टाकलं नाही तर मत मोडतं असं समजून होता. एका मडक्यात कमी पडलं, ते आपल्याच पापानं, एवढं त्याला कळत होतं. म्हणून तो उभा राहिला होता तसा, देवापुढं उभं राहावं तसा. आणि सगळ्या तालुक्यानं त्या वाकलेल्या मानेवर शेण फेकलं होतं.

राहीबाईच्या डोळ्यांना धार लागली. तिनं पदरानं पुसली नाही. तिनं विचारलं, ते हळकुंड आता कुठं आहे?

कुटलं, तो म्हणाला. बिरोबाला वाहिलं, उरलं ते मेंढरांच्या कपाळाला लावलं. मास्तरांनाही तेच सांगितलं.

"मास्तरास्नी?"

सभेच्या दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला मास्तर माळावर आले होते. एकटेच, पायी. धुळाला जवळ बसवून घेतलं, पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, तुझ्यापाशी जे हळकुंड आहे ते माझ्याकडं दे, कुणाच्या नजरेला पडलं तर लोक तुला दगडं मारतील. कुटलं म्हटल्यावर म्हणाले, बरं केलंस, आता यातलं कुणाला काही बोलू नको. मग कागद काढला आणि अंगठा घेतला.

"हळकुंड ठेवलंय, हे तू त्यास्नी कवा सांगितलंस?"

धुळानं मान हलवली. त्याच्या थकलेल्या चेहऱ्यावर भक्ती होती. "म्या कुणालाच सांगितलं न्हवतं. त्यांनीच वळखलं. देवमाणूस हाय त्यो. मनातलं वळखतो."

चंद्राबाईनं भाकरी उलटली. राहीबाई घोंगडीवरून उठली. देवमाणसानं मनातलं ओळखलं नव्हतं. त्यानं मडक्यातलं ओळखलं होतं.

६

बाजारच्या दिवशी कचेरी भरली. बाहेर बैल बांधलेले, आत तंबाखूचा वास. मास्तरांनी धुळाचा राजीनामा वाचून दाखवला, आणि वाचताना त्यांचा आवाज दोनदा भरून आला. धुळा कोपऱ्यात उकिडवा बसला होता. राहीबाईनं त्याला ओढूनच आणलं होतं.

ती उठली. बाईनं सभेत उभं राहायची फारशी सवय कुणाला नव्हती, म्हणून आधी कुजबुज झाली, मग ती विरली. तिनं मास्तरांना नमस्कार केला आणि विचारलं, त्या दिवशी नववा जिन्नस हरवला तो कोणता?

मास्तर खिन्न हसले. "सुपारी, राहीबाई. पाच येणार होत्या, चार आल्या."

"समदा तालुका ती सुपारीच धुंडतोय. मग तुमी धुळाकडं हळकुंड मागायला का गेला?"

मास्तरांचं हसू तोंडावरच राहिलं, फक्त आतून निघून गेलं. ते म्हणाले, मी त्याला धीर द्यायला गेलो होतो. धुळा कोपऱ्यातून हळूच म्हणाला की हळकुंड मागितलं होतं. मग मास्तर म्हणाले, हो, त्यानंच मला सांगितलं की हळकुंड आपल्याजवळ राहिलंय.

"त्यानं सांगितलं असंल," राहीबाई म्हणाली, "तर टाकायचं राहिलं ते हळकुंड, सुपारी न्हवं, हे तुमाला ठावं हुतं. तरी मत बुडवलं म्हणून त्याचा अंगठा घेतला. आन सांगितलं नसंल, तर तुमाला कळलं कसं?"

ती चिंतामणरावांकडे वळली, त्यांना कपाटातल्या सुपाऱ्या आणायला सांगितल्या. चार सुपाऱ्या जाजमावर आल्या. मग तिनं लालासाहेबांना विचारलं, त्या दिवशी भुईवरच्या मडक्यातल्या किती सुपाऱ्या खाल्ल्या. लालासाहेबांना गंमत वाटू लागली होती. ते म्हणाले, मी एक, हे तिघं एकेक, मास्तर एक. अख्खी अख्खी.

तेव्हा राहीबाईनं जाजमावर बोट ठेवून सगळ्यांना समजावलं, जसं पोरांना वाटणी समजावतात. नऊ माणसांना नऊ सुपाऱ्या दिल्या. चार इथं, पाच तुम्ही खाल्ल्या. सुपारी एकही हरवली नाही. हरवलं ते हळकुंड, धुळाचं. ते टाकायचं होतं भुईवरच्या मडक्यात, टाकलं नाही. म्हणजे एक जिन्नस कमी पडायला हवा भुईवरच्या मडक्यात. आणि कमी पडला कुठं? इथं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजलेल्या मडक्यात.

"तवा ह्ये मोजलेलं मडकं पाटावरचं न्हवतंच," ती म्हणाली. "त्ये भुईवरचं. मताचं मडकं तुमी खाल्लं. त्यात पाच सुपाऱ्या हुत्या. भत्त्याचा ठराव पास झाला हुता."

मडकी कुणी बदलली ते वेगळं सांगावं लागलं नाही. आत शेवटी जाणारी माणसं तीनच. चिंतामणराव ज्या वेळी मडकं घेऊन बाहेर आले त्या वेळी त्यांना काहीच माहीत नव्हतं, माहीत असतं तर जिन्नस आठ निघाल्यावर ते असे गोंधळले नसते. लालासाहेबांना हळकुंडाचं माहीत असतं, तर सुपाऱ्यांचा हिशेब त्यांनी असा हसत दिला नसता. एकच माणूस आठ जिन्नस बघून उमजला होता की टाकाऊ मडक्यात कुणीतरी हळकुंड टाकलेलं नाही. आणि असं हळकुंड कुणाच्या हातून टाकवणार नाही, हे गावोगाव चुलीपाशी बसलेल्या त्याच माणसाला ठाऊक होतं.

कृष्णात उभा राहिला. त्याच्या आवाजात राग नव्हता, रडू होतं. "पर का मास्तर? ठराव तर तुमचाच."

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. आता त्यांचा आवाज भरून आलेला नव्हता, अगदी कोरडा होता. ते म्हणाले, ठराव मी मांडला खरा, पण तो पास झाला की काय होणार ते मला नंतर दिसलं. तुम्ही सगळे दर सभेला येऊन बसणार. तुम्हाला बोलता येत नाही. नियम कळत नाही. जो चहा पाजील त्याच्याकडं बघून तुम्ही हात वर करणार. दोन वर्षं तुमचं सगळं मी बोललो, तुमच्यापेक्षा चांगलं बोललो. ते मोडायचं का? तुमच्याच भल्यासाठी केलं.

राहीबाईला वाटलं होतं, चोर सापडला की मन हलकं होईल. झालं नाही. लालासाहेबांची घाण निदान उघड्या गटारासारखी होती, लांबून वास यायचा. ही धुतलेल्या खादीखालची होती. त्याच माणसाच्या पायावर आपण डोकं ठेवलं होतं, हे आठवून तिला कपाळ घासून काढावंसं वाटलं.

मास्तर निघाले. जाताना धुळाच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. धुळा बाजूला सरकला, तेवढंच.

राजीनामा चिंतामणरावांनी फाडला. ठरावावर पुन्हा मत घेतलं, या वेळी उघड, हात वर करून. पाच हात वर आले. लालासाहेबांच्या तोंडावर बघत आले, आणि खाली झाले नाहीत. लालासाहेबांनी ठराव मंजूर झाल्याचं सांगितलं आणि त्याच दमात विचारलं, मोटारीचं पेट्रोल बुडतं ते यात धरता येईल का. त्यांचे तिघे हसले. आप्पासो खाली बघून दातओठ खात राहिला.

अध्यक्ष उठू लागले, तेव्हा कोपऱ्यातून घोंगडी हलली. धुळा उभा राहिला होता. त्याला बोलायचं होतं. लालासाहेब अर्धे उठलेले तसेच राहिले.

शब्द त्याच्या तोंडात आधी दगडासारखे आडवे झाले. मग तो म्हणाला की ओढ्याकडं जायची मेंढरांची वाट इनामदारांनी उसाच्या बांधात घेतली आहे, वर काटे घातलेत, आणि दोन उन्हाळे मेंढरं पाण्यावाचून मेली. हे मास्तरांना दोनदा सांगितलं होतं. मास्तरांनी धनगरांच्या वतीनं सभेत काय सांगितलं, ते त्याला कधी कळलं नाही.

चिंतामणरावांनी टाक दौतीत बुडवला. सभेत असलं काही कुणी बोललं होतं, असं त्यांना आठवत नव्हतं.

"लिहून घ्या," लालासाहेब त्रासून म्हणाले. "वाटेबद्दल तक्रार. कुणी मांडली ते लिहा."

चिंतामणरावांचा टाक थांबला. त्यांनी धुळाकडे पाहिलं, मग इतरांकडे. दोन वर्षं हा माणूस समितीत होता आणि त्याचं बोलणं दर वेळी दुसऱ्याच्या नावावर पडलं होतं. त्याच्या बापाचं नाव त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. राहीबाईलाही नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"पूर्ण नाव सांगा," चिंतामणराव म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी त्याला अहोजाहो केलं.

"धुळा मायाप्पा लवटे," तो म्हणाला. "सावकाश लिवा. वाटंचं अजून लय सांगायचं हाय."